साहेबांचं वाघाचं पदक

मामंजी, तुम्ही काही हरवलं नव्हतं.

एवढंसं वाक्य. तुमच्या खाटेपासून माझ्या चुलीपर्यंत अंतर ते किती, दहा पावलं. पण पाच वर्षांत ती दहा पावलं चालून हे वाक्य तुमच्या कानावर घालणं मला जमलं नाही. आता तुम्ही ऐकायला नाही, तेव्हा वही घेऊन बसले आहे. शाळेतल्या पोरांना मी सांगते, चूक केली तर उभं राहून कबूल करा. मास्तरीण स्वतः मात्र बसून लिहिते आहे, तेही माणूस गेल्यावर.

काल तुमचं तेरावं झालं. सफाळ्याहून तुमचे पलटणीतले जुने सोबती आले होते, ते थकलेले नाईक. पंगतीत सगळ्यांदेखत ते म्हणाले, "हवालदार मानूस सोन्यासारखा. पन शेवटी साहेबाची अमानत घालवली नं. त्या दुःखानंच गेला." दोघाचौघांनी माना हलवल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, तुम्हीच सगळ्यांना तसं सांगत सुटला होता. मी खिरीचं पातेलं घेऊन तिथंच उभी होते.  मी पुढच्या पानावर खीर वाढली.

तुमची ती चामड्याची पेटी मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. घरातली माणसं नरकचतुर्दशीची आंघोळ उरकत होती आणि तुम्ही वाडीतल्या विहिरीवर, केळींकडे जाणाऱ्या पाटाशी उकिडवे बसून चिंचेच्या कोळानं आणि चुलीतल्या राखेनं काहीतरी घासत होता. मला वाटलं देव उजळताय. जवळ गेले तर इंग्रजांच्या राजाचं तोंड! "बघा, पन कडेला हात लावू नका," तुम्ही म्हणालात. "कडेला साहेबाचं नाव हाय. घासून घासून जायचं."

पेटीत चार पदकं होती आणि दोन नुसत्या फिती. तुम्ही ती केळीच्या पानावर ओळीनं मांडलीत आणि टॉमलिन साहेबांचं सगळं आयुष्य मला त्यावर बोट ठेवून सांगितलंत. पहिलं किल्ल्याचं. साहेब नुकते विलायतेहून आलेले, मिसरूड फुटलेले लेफ्टनंट, हिंदुस्थानी बोलायला गेले की खेचरांनीही माना वळवाव्यात. "किल्ला काय, आपल्या शिरगावच्या किल्ल्याएवढाच. पन तिकडं समुद्र नाय, नुसता दगूड." दुसरं वाघाचं. तेव्हा साहेब कॅप्टन झाले होते आणि तुम्ही त्यांचे अर्दली. सरहद्दीवर एका ओढ्यात साहेबांच्या मांडीत गोळी घुसली आणि तुम्ही त्यांना पाठुंगळी घेऊन दगडांतून खाली उतरलात. दुसरी गोळी तुमच्या खांद्याचं कातडं घेऊन गेली. तिसरं पदक नव्या राजाच्या राज्याभिषेकाचं, त्याबद्दल तुम्हाला आदर नव्हता. "ते बसल्या जागी भेटतं." चौथा चांदीचा क्रॉस, आफ्रिकेच्या वाळवंटातला, मेजरसाहेबांच्या शौर्याचा. आणि आफ्रिका, इटली या मोहिमांच्या नुसत्या फिती, कारण साहेब गेले तोवर सरकारची ती पदकं तयारच झाली नव्हती. कर्नल होऊन साहेब विलायतेला परतले ते छातीवर फितीच घेऊन.

पेटी तुमच्याकडे राहिली कशी, हेही तुम्ही हजारदा सांगितलंत. तुम्ही तेव्हा देवळालीच्या छावणीत होता. साहेबांनी पदकांना नव्या फिती शिवून आणायला तुम्हाला शिंप्याकडे पाठवलं. शिंप्यानं आज-उद्या केलं. दोन दिवसांनी पेटी घेऊन आलात तर बंगल्याला कुलूप, बोटीचा हुकूम आधीच आलेला. तुम्ही गाडी पकडून मुंबईच्या धक्क्यावर गेलात. बोट सुटली होती. तिथून तुम्ही पेटी काखोटीला मारून शिरगावला आलात आणि त्या दिवसापासून तुमची पेन्शन सुरू झाली, पण नोकरी काही संपली नाही.

मला या पेटीचा राग यायचा, हे तुम्हाला ठाऊक होतं. बेचाळीस साली माझे वडील पालघरच्या कचेरीवरच्या मोर्चात होते, गुडघ्यात गोळी बसली, ते जन्माचे लंगडे झाले. लग्नाच्या बोलणीत त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "त्या साली आपण कुठं होता?" तुम्ही सरळ म्हणालात, "आफ्रिकेत. सायबाबरोबर." तरी त्यांनी मुलगी दिली, याचं मला अजून नवल वाटतं. मी मात्र सोडलं नाही. तुम्ही पदकं घासत बसलात की मी येता-जाता टोमणा मारायचेच. "घासा, घासा. गुलामी लखलखली पाहिजे." दुसऱ्या एखाद्या सासऱ्यानं सुनेला माहेरी धाडलं असतं. तुम्ही हसायचात. एकदाच हसला नाहीत. म्हणालात, "मास्तरीणबाई, तुमच्या बापाचा गुडघा मी परत नाय आनू शकत. ही पेटी परत देऊ शकतो. मानसानं जमंल ते करावं." मी यावर काहीतरी लागट बोलले होते. काय ते आठवत नाही, आणि आठवत नाही ते बरंच आहे.

आता पाचव्या घराचं सांगते.

माझी दोन मुलं दहा-दहा दिवसांची होऊन गेली. दुसऱ्या वेळी तुम्हीच त्याला पंच्यात गुंडाळून नेलंत आणि परत आल्यावर विहिरीवर बराच वेळ हात धूत बसलात. तिसऱ्या खेपेला धोंडी झाली. सासूबाईंनी तिचं नाव आधीच ठरवलं होतं, दगडधोंड्याचं, कुणाची नजर जाऊ नये असं. आणि पाच परक्या घरची मागून आणलेली चांदी आटवून तिच्या पायात वाळे घालायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पाच घरांची नावं तोंडातनं काढायची नाय. पोरीचा पयला दूधदात पडंस्तोवर गप ऱ्हायचं. बोललीस, तर ज्याची चांदी त्याच्याकडं जाते आनि पोर पन जातं."

मी मॅट्रिक झालेली. वर्गात पोरांना ग्रहण कसं लागतं ते फळ्यावर वर्तुळं काढून शिकवणारी. मी पदर पसरून चार घरं फिरले. कुणी मोडकं जोडवं दिलं, कुणी साखळीचा तुकडा. पाचव्या घरची बाई दार अर्धं उघडून म्हणाली, "मी मागच्या टायमाला पन घातलेली. माजा हात चांगला नाय बाय, दुसरीकडं बघ." तिचे डोळे भरले होते. मी परत आले तेव्हा धोंडी निळी पडली होती आणि तिला दूध ओढता येत नव्हतं.

त्या दुपारी तुम्ही तुमचं स्वतःचं वाघाचं पदक बटव्यातून काढून सासूबाईंसमोर ठेवलंत, आठवतं? साहेबांबरोबर तुम्हालाही तेच मिळालं होतं, तोच राजा, तोच डोंगरावर उभा वाघ, फक्त कडेवर नाव तुमचं. "हे घाला. वाघोबा राखील पोरीला," तुम्ही म्हणालात. सासूबाईंनी ते परत सरकवलं. "घरची चांदी चालत नाय. परक्याचीच पायजे." तुम्ही ते उचललंत आणि विहिरीकडे निघून गेलात.

परक्याची. तुमच्या ट्रंकेत परक्या घरची चांदी होती, मामंजी. गोळी खाऊन, वाळवंट ओलांडून, इटलीतून धडधाकट परतलेल्या माणसाची. त्या माणसाला मृत्यू सापडत नव्हता, हे तर तुम्हीच मला शिकवलं होतं. ज्या पेटीला मी गुलामी म्हणत आले, तीच मी तुमच्या उशाखालची किल्ली घेऊन उघडली. साहेबांचा वाघ काढला. सोनारानं ओळखू नये म्हणून मी तो पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचला. आधी वाघ गेला, मग राजा गेला, मग कडेचं नाव.  मला फक्त धोंडीचा श्वास ऐकू येत होता. सोनाराला वेढ्याचा तुकडा आहे असं सांगितलं.

धोंडी जगली. डॉक्टर म्हणाले, पालघरहून आणलेल्या औषधानं. मीही शाळेत कुणी विचारलं तर औषधच सांगते.

तुम्हाला त्याच वर्षी दिसेनासं झालं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तुम्ही पेटीची किल्ली माझ्या हातात दिलीत. "आता तुमी साफ करा, मास्तरीणबाई. शिव्या देत देत करा, पन करा." दर दिवाळीला मी पदकं उजळून तुमच्या तळहातावर एकेक ठेवायचे आणि तुम्ही बोटांनी ओळखायचात. पहिल्या दिवाळीला मी काय केलं सांगू? तुमच्या बटव्यातला तुमचा वाघ काढला आणि साहेबांचा म्हणून तुमच्या हातावर ठेवला. स्वतःच्या पदकांची तुम्हाला कधी फिकीर नव्हती, बटवा तुम्ही उघडून बघणार नाही हे मला ठाऊक होतं. तुम्ही वाघाच्या पाठीवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हाय. सगळा हाय." तेव्हापासून तो पेटीतच राहिला. एवढी मी हुशार.

मग तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, यांना तिथल्या गोदामात काम लागलं आणि बोईसरला परदेशी इंजिनियर राहायला आले. तुमच्या कानावर 'गोरे आलेत' एवढंच पडलं. झालं. तुम्ही फितींचा कोट चढवून यांचा हात धरून बोईसरला गेलात. एका उंच गोऱ्यासमोर टाच आपटून सलाम ठोकलात आणि विचारलंत, "टॉमलिन साहब को जानता?" तो अमेरिकेचा, त्याला काय कळणार. पण त्यानं तुमचा हात धरून हलवला, यांच्याकडून सगळं समजून घेतलं आणि वहीत नाव उतरवलं. घरी येऊन तुमचा निकाल तयार होता. "हा फौजेतला नाय. सलाम घेता येत नाय त्याला. पन मानूस बरा." आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो, धोंडी तर दिवसभर टाच आपटत फिरली. त्या माणसानं खरंच कुणाकुणाला लिहून साहेबांचा पत्ता काढला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी साहेबांचं पत्र आलं.

ते मीच वाचून दाखवलं. अक्षर कापरं होतं. साहेब भाचीकडे राहतात, चालता येत नाही. त्यांनी लिहिलं होतं की पेटी त्या गडबडीत गेली असंच त्यांनी धरलं होतं, ती तुमच्याजवळ आहे हे कळल्यावर त्यांना दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. बाकीचं तू ठेव, त्यांनी लिहिलं होतं. फक्त वाघ पाठव. तो एकदा हातात घ्यायचा आहे, कारण तो अर्धा तुझा आहे.

हे वाचताना माझा आवाज बदलला, तुम्हाला वाटलं मला भरून आलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

त्याच आठवड्यात तुम्ही हट्ट धरलात की डोळ्याचं ऑपरेशन करायचं. इतकी वर्षं आम्ही सांगून थकलो तर ऐकलं नाहीत, आता म्हणालात, "पेटी माज्या हातानं बांधीन, डोळ्यानं बघून." पालघरच्या शिबिरात ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी बांधून तुम्ही ओटीवर बसून असायचात आणि मी दिवस मोजायचे. रोज सकाळी दात घासून द्यायच्या निमित्तानं मी धोंडीचा एकेक दात हलवून बघायचे. पाचवं संपून सहावं लागत आलं होतं तिला. एकही दात हलेना. एक जरी हलला असता ना मामंजी, तरी मी तुमच्या पायाशी येऊन बसले असते. पेटी विहिरीत टाकावी, चोरी झाली म्हणावं, असलंही मनात येऊन गेलं. केलं काहीच नाही.

जाड भिंगांचा चष्मा आला त्या दिवशी तुम्ही आंघोळ करून धूतवस्त्र नेसून पेटी उघडलीत. वाघ उचलून उजेडात धरलात, कडा फिरवलीत आणि थांबलात. कडेवर तुमचा नंबर, तुमचं नाव. मग बटवा उघडलात. तिथं काही नव्हतं. मी दारात उभी राहून तुमचा चेहरा बघत होते. तुम्हाला माझा संशयसुद्धा आला नाही. "मीच घोटाळा केला," तुम्ही म्हणालात. "डोळं गेलं तवाच. दोन्ही एकदम घासाय घेतलं असतील, एक व्हावत गेलं." माझ्याकडे वळून विचारलंत, "मास्तरीणबाई, किल्ली तुमच्याकडं यायच्या आधीचंच हाय हे, न्हाय?"

मी म्हणाले, "हो, आधीचंच असेल."

पाच दिवस तुम्ही विहिरीपासून केळींपर्यंतचा पाट उपसलात. पाटातला चिखल काढायचा, माझ्या स्वयंपाकघरातल्या चाळणीत घ्यायचा, वर पाणी ओतायचं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मला चहा ठेवून परत जाता येईना. मी पदर खोचून तुमच्यासमोर बसले आणि तुमच्याबरोबर चिखल चाळायला लागले. जे तिथं नाही हे मला ठाऊक होतं, ते मी तुमच्यासोबत चार दिवस शोधलं. चाळणीत काही खुळखुळलं की तुम्ही वाकून बघायचात आणि मीही बघायचे. एकदा तर माझंही काळीज लक्कन हललं, शप्पथ सांगते. शिंपला निघाला. आणि पाटाच्या कडेला बसून धोंडी वाळलेल्या चिखलाच्या भाकऱ्या थापत होती. तुम्ही तिला म्हणालात, "दमून जाशील, सावलीत बस."

सहाव्या दिवशी तुम्ही मला कागद घ्यायला सांगितलंत. तुम्ही मराठीत बोलत होता, मी इंग्रजीत उतरवत होते. साहेब, तुमची अमानत माझ्या हातून गेली. चोरी नाही, दुसऱ्या कुणाचा दोष नाही, हवालदाराचा हलगर्जीपणा. तुमचा वाघ हरवला म्हणून माझा पाठवतो. यावर नाव माझं आहे, ते तेवढं सहन करा. मी विचारलं, "तुमचा वाघ कशाला देता? तुमच्याकडे मग काय राहील?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी गणितात कच्ची आहे. "माजा मी कवाबी विसरू शकतो. सायेबाला हातात घ्यायला कायतरी पायजे." मी प्रत्येक शब्द नीट लिहिला. तुमच्यावरचा आरोप माझ्या सुवाच्य अक्षरात आहे, स्पेलिंगची एकही चूक नाही. खाली तुम्ही हुद्द्यासकट सही केलीत. पार्सल तुम्ही स्वतः पालघरच्या पोस्टात दिलंत.

त्यानंतर तुम्ही कोट घातला नाहीत. जेवायला बसायचात आणि भात चिवडून उठायचात. थंडी सुरू झाली, छातीत कफ धरला. डॉक्टरनं सुया दिल्या. शेवटच्या चार दिवसांत तुम्ही मला रोज विचारायचात, "पत्र पोचलं असंल?" मी म्हणायचे, पोचलं असेल. "सायेब काय म्हनला असंल?" मी म्हणायचे, रागावणार नाहीत. "रागावू दे. पन खोटं नाय ना लिवलं आपन?" त्या वेळी मी तोंड उघडलं होतं, मामंजी. खरंच उघडलं होतं. 'पाचवं घर' एवढे शब्द जिभेवर आले होते. अंगणात धोंडीला ठसका लागला, कच्चं बोर खाल्लं होतं तिनं, बाकी काही नव्हतं. मी तोंड मिटलं आणि तिला पाणी द्यायला धावले. परत आले तर तुम्ही डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

ज्या पदकामुळे माझी मुलगी जगली असं मी मानलं, त्याच पदकानं तुम्हाला मारलं. आणि मला जर पुन्हा त्या दुपारी नेऊन उभं केलं, तर मी पुन्हा पेटी उघडीन. हे तुमच्यापासून लपवून काय करू? पण मी तुम्हाला सांगीन. तेवढं नक्की करीन. पाट उपसू देणार नाही.

काल पाहुणे गेल्यावर मी सतरंज्या गोळा करणाऱ्या तुमच्या मुलासमोर जाऊन उभी राहिले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हणाले, "ऐका, बाबांनी काही हरवलं नाही. पाचवं घर..." सासूबाई एवढ्या चपळाईनं उठल्या की मला कळलंच नाही. त्यांचा तळवा माझ्या तोंडावर होता. "बोलू नको. पोर अंगनात हाय." मी त्यांचा हात बाजूला केला आणि सगळं सांगितलं. वरवंट्यापासून चाळणीपर्यंत.

हे सतरंजीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "बाबांना ठाऊक असेल का गं? कुठंतरी मनात? म्हणून तुला काही बोलले नसतील?"

मी नाही म्हणाले. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही चिखल चाळला नसतात. तेवढा दिलासा मी यांना देऊ शकले असते, पण आता पुन्हा खोटं नको. तुम्ही ते ठाऊक नसतानाच गेलात.

सासूबाईंनी विचारलं, "मला तरी सांगायचंस." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" त्या अंगणाकडे बघत राहिल्या. "मी पन गपच ऱ्हायले असते," त्या म्हणाल्या, आणि मग तेरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. तुम्हाला हाक मारून रडल्या.

आज सकाळी मी साहेबांना पत्र लिहिलं. हवालदारांनी तुमची अमानत वीस वर्षं एका बोटाचाही डाग न पाडता सांभाळली. ती मी चोरली आणि माझ्या बाळासाठी आटवली. आधीचं पत्र त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, पण ते खरं नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते आता हयात नाहीत. त्यांच्या नावावरचा डाग कृपा करून पुसावा. एवढंच. माफी मागितली नाही, ती मागायची होती तो माणूस वेगळा होता. पालघरला जाऊन टपालपेटीत टाकलं. तिच्या तोंडात हात घालून बसावं आणि ते परत काढावं असं क्षणभर वाटलं. मग मागच्या माणसानं "बाई, जरा सरका" म्हटलं.

सफाळ्याच्या नाईकांनाही एक कार्ड टाकलं आहे. पंगतीत जे जे बसले होते त्या सगळ्यांना मी रविवारी घरोघर जाऊन सांगणार आहे. चार घरं फिरायची मला सवय आहे.

आणि मी परत आले तर धोंडी ओटीवर पाय पोटाशी घेऊन निजली होती. अंग तापलं आहे. काल उन्हात खेळली, खीर जास्त खाल्ली, दिवस थंडीचे आहेत. मला सगळी कारणं ठाऊक आहेत, मी ती फळ्यावर लिहून देऊ शकते. सासूबाई माझ्याकडे बघतही नाहीत, नुसत्या माळ ओढत बसल्या आहेत. हे डॉक्टरला आणायला सायकलवरून गेलेत. तिचा एकही दात अजून हलत नाही, मी आत्ताच पाहिलं.

मामंजी, माझ्यावर रागवा. माझ्या हातचं पाणी तुम्हाला पोचू नये असा मोठा राग धरा, मला चालेल. पण हिनं काही केलेलं नाही. तुमची टाच आपटायची नक्कल करणारी ही तुमची नात आहे. कपाळावरची पट्टी पुन्हा गरम झाली आहे. मी पाणी बदलून आणते, तेवढा वेळ तुम्ही तिच्याजवळ बसा.